दिशाफलक रॉकेलने पुसू नका

'द्रुतगती मार्गावरचे हिरवे फलक रात्री काळे दिसतात, कारण कंत्राटदाराने रेडियमचा रंगच मारला नाही. रॉकेल किंवा थिनरने पुसले की चमकतात,' असा मेसेज सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातले काळे दिसणे तेवढे खरे आहे.

फलकावर रंग मारून चमक येत नसते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर परावर्तक फिल्म चिकटवलेली असते. तिच्यातले सूक्ष्म काचमणी किंवा प्रिझम हेडलाइटचा प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतात. त्यावर काजळी आणि धूळ बसली, की प्रकाश जाताना एकदा आणि येताना पुन्हा अडतो. दिवसा ठीक दिसणारा फलक म्हणूनच रात्री मरतो. थिनरने वरचा थर पांढुरका होतो, रॉकेलचा तेलकट पापुद्रा उलट धूळ धरतो. योग्य पद्धत साधी आहे: आधी पाण्याने धूळ सोडवायची, मग सौम्य साबण आणि मऊ कापड, वरून खाली. घासणी नको. फिल्मला भेगा गेल्या किंवा कडेने पाणी शिरून ती सुटली असेल, तर धुऊन उपयोग नाही, ती बदलावीच लागते. (वाढदिवसाची पोस्टर ओरबाडून काढतानाही ती सोलून येते.)

तपासायचे असेल तर रात्री, सुरक्षित जागी उभे राहून, टॉर्च डोळ्याजवळ धरून लांबून फलकावर मारा. हात खाली ठेवला तर चांगला फलकही मंद वाटेल. शिडी लावून चढू मात्र नका.

मुंबईतले पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्ग 2022पासून महापालिकेकडे आहेत, तक्रार 1916वर करा. राष्ट्रीय महामार्गासाठी 1033. रॉकेलवाला मेसेज कृपया पुढे पाठवू नका.