पन्नास टक्के कशाचे, ते सांगा ना!

गंगापूर रोडच्या दवाखान्यात नंबर यायला दीड तास. तेवढ्यात एमआर लोकांनी, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनी, ठेवलेली सगळी चकचकीत पत्रकं वाचून होतात. परवा एका गोळीच्या पत्रकावर ठळक: ‘धोका ५० टक्क्यांनी कमी!’ खाली मुंगीएवढ्या अक्षरात, शंभरात दोघांऐवजी एकाला त्रास. म्हणजे फायदा शंभरात एकाला, बाकी ९९ जण गोळी उगाच गिळणार. हे म्हणे संशोधन!

बरं, हे निदान छापलं तरी. २००८ मध्ये नैराश्यावरच्या औषधांच्या, अमेरिकेच्या एफडीएकडे (औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) नोंदलेल्या ७४ चाचण्या कुणीतरी चिकाटीने तपासल्या. अनुकूल ३८, त्यातल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६? २२ गायब. ११ अशा रंगवून लिहिल्या की औषध लागू पडलंच! सरळ छापल्या फक्त ३. पोराने नापासाची गुणपत्रिका दडवली तर आपण कानाखाली देतो. इथे दडवणाऱ्यांचा खप वाढतो.

आपल्याकडे २००९ पासून सीटीआरआयवर, म्हणजे औषध-चाचण्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, चाचणीची आधी नोंद सक्तीची आहे. छान. पण नोंदलेल्या कितीतरी चाचण्यांचे निकाल कुठे छापलेच जात नाहीत, त्याचं काय?

तेवढ्यात पंचवटीतल्या काकांचा फोन. ‘‘अरे, त्या गोळीने धोका निम्मा होतो म्हणे, डॉक्टरांना विचार ना.’’

विचारतो, काका. नंबर तर येऊ दे.