डीआरसी शून्य, तरी रिले गप्प

वाळूजपासून लातूरपर्यंत सर्किट बोर्ड करणाऱ्यांत एक सल्ला फिरतोय: "डीआरसीत (डिझाइन रूल चेक, म्हणजे सॉफ्टवेअरची आपोआप तपासणी) शून्य एरर आला की बोर्ड छापायला टाका. एकाच पॅकेजच्या पिना सारख्याच असतात. तरी उलटं निघालं तर बोर्ड भंगार."

डीआरसीचं आधी घेऊ. ट्रॅकमधलं अंतर, भोकांची मापं आणि बोर्ड सर्किट डायग्रामशी जुळतो का, एवढंच ते बघतं. डायग्राममध्येच पिन चुकली असेल तर त्याच्या लेखी सगळं बरोबर. डेटाशीट ते उघडत नाही.

'पिना सारख्याच' हे सगळ्यात महागात पडणारं वाक्य. टीओ-९२ हे छोट्या ट्रान्झिस्टरचं तीन पायांचं प्लास्टिक पॅकेज, म्हणजे बाहेरचं आवरण. त्याची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरा. बीसी ५४७ डावीकडून कलेक्टर-बेस-एमिटर. २एन३९०४ बरोबर उलटा. पीएन२२२२ए आणि पी२एन२२२२ए यांच्या नावात एका '२'चा फरक, पण पिना उलटसुलट. ५ व्होल्ट देणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरमध्ये समोरून इनपुट-ग्राउंड-आउटपुट. छोट्या ७८एल०५ मध्ये आउटपुट पहिलं. त्यात काही डेटाशीट चित्र खालून दाखवतात, ते 'बॉटम व्ह्यू' वाचायचंच राहतं.

आता शेतातल्या मोटारीच्या ऑटो स्विचचा बोर्ड घ्या. १२ व्होल्टचा रिले (कॉइलने चालणारा स्विच, त्याला ट्रान्झिस्टर चालू करतो), कॉइल ४०० ओहम, म्हणजे ३० मिलिअँपिअर. बेसला ४.७ के ओहमचा रेझिस्टर, कंट्रोलरचे ५ व्होल्ट, बेस करंट साधारण ०.९ मिलिअँपिअर. बीसी ५४७ सरळ असेल तर रिले आरामात ओढतो. कलेक्टर-एमिटर उलटे पडले तर गेन (बेस करंट किती पट वाढतो ते) शेकड्यांवरून जेमतेम एक आकडी होतो. टेबलावर ५ व्होल्टला एलईडी लावून बघितलं तर मिणमिणतो आणि 'चालतंय' म्हणून बोर्ड जातो पुढे. रात्री लाइट येते, रिले मात्र टक् करत नाही. शिवाय उलट्या एमिटर-बेसची कमाल मर्यादा ६ व्होल्ट. १२ व्होल्टवर तो जोड फुटू शकतो आणि मग ट्रान्झिस्टर बंद असतानाही कॉइलमधून करंट वाहत राहतो.

म्हणून छापायला टाकण्याआधी फुटप्रिंट (बोर्डावरची पार्टच्या पायांची जागा) १०० टक्के मापात कागदावर काढा, आणलेला खरा पार्ट त्यावर ठेवा, मल्टिमीटरच्या एचएफई, म्हणजे गेन मोजायच्या सॉकेटात तपासा. दोन्ही बाजूंनी घालून बघा. आकडा मोठा येतो ती बाजू सरळ. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि भंगार? टीओ-९२त बेस मधेच असेल तर ट्रान्झिस्टर १८० अंशात फिरवून लावा, संपलं. एसओटी-२३ हे बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारं तीन पायांचं छोटं पॅकेज; ते पालथं घातलं की पिन १ आणि २ची अदलाबदल होते, ३ जागेवर राहते; म्हणजे एमएमबीटी३९०४चे बेस-एमिटर उलटे पडले असतील तरच हा उपाय. बाकी ठिकाणी ट्रॅक दोन जागी कापा, मधला तुकडा उचलून काढा, ३० गेजची वायर टाका, वर गोंदाचा थेंब.

हे फक्त १२ व्होल्टच्या बाजूला. रिलेच्या कॉन्टॅक्टकडे, जिथे स्टार्टरच्या कॉइलचे ४१५ व्होल्ट फिरतात, तिथली चूक वायरने जोडू नका. तेवढ्यापुरता सल्ला बरोबर, तो बोर्ड भंगारातच.