पाणी कुठं मुरतंय

मी मूळचा लातूरचा, हे आधीच सांगून टाकतो कारण पुढची सगळी रामकहाणी त्यावरच उभी आहे. लातूर म्हणजे 2016 साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेच ते. आमच्याकडे नळाला पाणी असतं असं कुणी म्हणत नाही, पाणी सुटतं म्हणतात, आणि एकदा सुटलं की माणूस ताटावरून उठतो. घागरी, बादल्या, पातेली, कुकर सगळं भरून झालं की आई फुलपात्रंसुद्धा भरून ठेवायची. त्यामुळे नोकरीसाठी सॅन डिएगोला गेलो तेव्हा पहिले काही महिने मी शॉवरखाली उभं राहायच्या आधी शेजारी एक बादली भरून ठेवायचो, मध्येच गेलं तर काय घ्या. पंचवीस वर्षांत एकदाही गेलं नाही.

मग मी काय केलं, तर नोकरी सोडली, घर भाड्यानं दिलं, एक छत्तीस फुटी सेकंडहँड शिडाची बोट घेतली, तिला आमच्या नदीचं 'मांजरा' हे नाव दिलं आणि बायकोसकट मेक्सिकोला आलो. आता माझ्याकडे परत एक टाकी आहे, टाकीत 280 लिटर पाणी मावतं आणि मी रात्री उठून त्यात काठी घालून बघतो.

(नावाचा किस्सा सांगतोच. स्पॅनिशमध्ये जे चा उच्चार ह करतात, म्हणून रेडिओवर आम्ही 'मान्हारा'. आणि त्यांच्यात मान्हार म्हणजे पक्वान्न. त्यामुळे मासेमारी करणारा एखादा बाप्या आपली पांगा, म्हणजे तिथली लांबोडकी फायबरची होडी, शेजारून नेताना नाव वाचून हसतो आणि पोटावरून हात फिरवतो.)

लोकांना वाटतं बोटीवर राहणं म्हणजे हातात शहाळं आणि पाय पाण्यात. पाय पाण्यात असतात हे खरंय, फक्त बऱ्याचदा ते पाणी बोटीच्या आतलं असतं.

तर आम्ही ला पाझला नांगर टाकून होतो. ला पाझ म्हणजे बाहा कॅलिफोर्निया सुर या राज्याची राजधानी, एका बाजूला वाळवंट, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधे लांबच लांब फिरायचा रस्ता ज्याला ते मालेकोन म्हणतात. गाव इतकं देखणं की पहिल्या दिवशी मी बायकोला म्हणालो इथंच राहू. दुसऱ्या दिवशी बघतो तर घराघरावर काळ्या टाक्या. चौकशी केली तर कळलं की इथं पाणी पाळीनं येतं, आज या भागात उद्या त्या भागात, त्याला तांदेओ म्हणतात, आणि नाहीच आलं तर टँकर मागवायचा, ज्याला म्हणतात पिपा. आपलं पिंप पोर्तुगीजांकडून आलं आणि यांचा पिपा स्पॅनिश, म्हणजे सख्खी चुलत भावंडंच. गल्लीत पिपा उभा, पाइप ओढणारा माणूस, आणि गॅलरीतून ओरडणारी बाई. मला इतकं भरून आलं ना! पृथ्वीला अर्धा वळसा घालून मी परत लातूरलाच आलो होतो, फक्त इथं समुद्र होता.

आता बोटीवरच्या पाण्याचा हिशोब. आम्ही दोघं, रोजचे 20 लिटर, म्हणजे टाकी चौदा दिवस पुरायला हवी. वीस लिटर म्हणजे अगदीच हलाखी वाटेल, पण जमतं. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात, त्याला सिंकपाशी वेगळा पायानं दाबायचा पंप असतो, आणि शेवटचं विसळणं फक्त गोड्या पाण्यात. संडासाला समुद्राचंच पाणी. आंघोळ फवारणीच्या पंपानं, हो, तोच तो बागेत औषध मारायचा, हवा भरायची आणि दट्ट्या दाबायचा, दोन लिटरमध्ये डोक्यापासून पायापर्यंत माणूस स्वच्छ. थोरल्या भावाला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर तो म्हणाला, "आरं सोयाबीनला मारतो तसं सोताला मारून घेलालास व्हय?" आणि वहिनीला हाक मारून बोलावून घेतलं, तिनं शेजारणीला.

फक्त डाळीनं दगा दिला. कुठंतरी वाचलं होतं की बटाटे, पास्ता वगैरे उकडताना एक भाग समुद्राचं पाणी आणि तीन भाग गोडं घातलं तर मीठही वाचतं आणि पाणीही. मी हुशारी करून तूरडाळीला तेच केलं. नऊ शिट्ट्या झाल्या, डाळ जशीच्या तशी, छर्रेच्या छर्रे. लातूरची डाळ, भावानं घरची पाठवलेली, तिला असं कधी कुणी वागवलं नसेल. जड पाण्यात डाळ शिजत नाही हे आमच्या आज्जीला माहीत होतं, मला इंजिनीअर होऊनही नव्हतं.

तर चौदा दिवस पुरणारी टाकी आठव्या दिवशी कोरडी. आधी वाटलं मोजण्यात चूक झाली. परत भरली, परत आठ दिवस.

भरली म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. 20 लिटरचे प्लॅस्टिकचे जार असतात, गाराफोन म्हणतात, ते डिंगीत, म्हणजे किनाऱ्यापर्यंत ये-जा करायच्या छोट्या होडीत, घालायचे, किनाऱ्याला जायचं, पाणी शुद्ध करून विकणारं दुकान असतं तिथं ते भरून घ्यायचे, हातगाडीवर टाकून धक्क्यापर्यंत ढकलायचे आणि परत डिंगीत. सहा जार म्हणजे 120 किलो, वर आम्ही दोघं, आमचं वजन मी लिहीत नाही. आणि मे महिना असल्यामुळे दुपार कलली की कोरोमुएल सुटायचा. हा खास ला पाझचा वारा, संध्याकाळी दक्षिणेकडून सुरू होतो आणि रात्रभर वाहतो, नाव म्हणे कुणा क्रॉमवेल नावाच्या चाच्यावरून पडलंय, निदान आख्यायिका तशी आहे. गावातल्या लोकांना तो देवासारखा, उकाड्यातून सोडवतो. आम्हाला तो नेमका तेव्हा गाठायचा जेव्हा डिंगी काठोकाठ भरलेली आणि लाटा थेट तोंडावर. म्हणजे गोडं पाणी आणायला जायचं आणि खाऱ्या पाण्यानं आंघोळ करून यायचं, मग अंगावरचं मीठ धुवायला आणलेल्यातलंच गोडं पाणी वापरायचं. एका फेरीत 120 लिटर आणायचो, त्यातले सहा-सात त्या फेरीनंच खाल्लेले असायचे.

आठ दिवसांत टाकी रिकामी व्हायला लागल्यावर घरात जे होतं ते झालं. मी तिच्या केसांकडे बघायला लागलो आणि ती माझ्या चहाकडे. मी एक वही घातली. कोण, कशाला, किती लिटर, सगळं लिहायचं. तिनं पहिल्याच दिवशी लिहिलं, "नवरा, विनाकारण हात धुणे, अर्धा लिटर." मी खाली लिहिलं, "खोटं आहे, पाव." चार दिवसांचा हिशोब मांडला तर दोघांचा मिळून रोजचा खर्च एकोणीस लिटर. आणि टाकीतून जात होते पस्तीस. कुठंतरी पाणी मुरत होतं. आयुष्यभर हा वाक्प्रचार मी नगरपालिकेबद्दल वापरला, स्वतःच्या घरात पहिल्यांदाच शब्दशः वापरायची वेळ आली.

मग रात्री तो आवाज ऐकू आला. बोटीत नळ उघडला की पाइपातला दाब उतरतो आणि पंप आपोआप सुरू होतो, नळ बंद केला की दाब भरून पंप बंद. रात्री अडीच वाजता, दोघंही झोपलेलो, सगळे नळ बंद, आणि पंप म्हणाला टर्र. एवढंच. मी डोळे उघडले. चार मिनिटांनी परत टर्र. ज्यानं लहानपणी पहाटे नळाची फुसफुस ऐकून उठायची सवय लावून घेतलीय त्याला यानंतर झोप लागणं शक्यच नाही. तिथले अडीच म्हणजे लातूरला दुपारचे तीन, मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "समुद्रात राहून पाण्यासाठी रातच्याला जागलालास? तुझ्यापेक्षा आम्ही बरे की रे, आम्हाला आठ दिसांनी का होईना झोपू देतात."

सकाळी मी पायाखालची फळी उचलली. बोटीच्या अगदी बुडाशी एक खोलगट जागा असते, बिल्ज म्हणतात, सगळीकडची गळती तिथं जमते आणि ठरावीक उंचीला पोचली की एक दुसरा पंप ते पाणी उचलून समुद्रात फेकतो. म्हणजे मी गाढवासारखा जार वाहून टाकी भरत होतो आणि माझीच बोट ते पाणी रात्री गुपचूप समुद्राला अर्पण करत होती. पण थांबा, तेवढं निश्चित कुठं होतं? खाली दिसतंय ते पाणी टाकीतलं आहे की समुद्रातलं? टाकीतलं असेल तर फक्त पैसे आणि कंबर जातेय. समुद्रातलं असेल तर बोट जातेय. आणि हे ठरवायची जगभर एकच पद्धत आहे, ती म्हणजे बोट बुडवून चाटून बघायचं.

त्या पाण्यात थोडं डिझेल असतं, थोडं ग्रीस, कधीकाळी पडलेली मोहरी, केस. मी चाटलं. म्हणालो खारट आहे. बायको म्हणाली थांब, तू पोह्यात मीठ नसलं तरी छान झालेत म्हणतोस, तुझं काही सांगू नकोस. ती रत्नागिरीची, खाऱ्या पाण्यावर आपला जन्मसिद्ध हक्क आहे असं तिला वाटतं. तिनं बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले आणि आमटीची चव बघितल्यासारखी म्हणाली, "मीठ कमी आहे." म्हणजे? "म्हणजे समुद्राचं नाही, आपलंच आहे, तुला खारट लागतंय कारण तुझंच बोट खारट आहे." मी बोट नुसतं चाटून बघितलं. बरोबर होती. बुडत नाही आहोत या आनंदात आम्ही गरम गरम पोहे केले आणि त्यात मी मुद्दाम मीठ कमी आहे म्हणालो, तर ते नेमकं बरोबर होतं.

गळती मात्र सापडेना. दोन दिवस मी कपाटांत डोकं घालून, टॉर्च तोंडात धरून, प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर गुंडाळत बसलो. सकाळी 8 ला रेडिओच्या बावीस नंबर चॅनेलवर ला पाझमधल्या सगळ्या बोटींची सभा भरते, हवामान, भरती-ओहोटी, कुणाला काय हवंय, कुणाला काय विकायचंय. विकायचंय असं म्हणायचं मात्र नाही, परदेशी बोटीवरचं सामान तिथं विकायला परवानगी नाही म्हणून किंमत नारळांत सांगतात. मी विचारलं, गळती कशी शोधू? सात जणांनी सात उपाय सांगितले आणि एकानं जुना पाण्याचा पंप चाळीस नारळांना देऊ केला. मालवणात चाळीस नारळांत काय काय येईल यावर आमच्याकडे पुढं अर्धा तास चर्चा झाली.

शेवटी कंटाळून म्हटलं जाऊ दे, एस्पिरितू सांतो बेटावर जाऊ. ला पाझहून वीसेक मैल, लालसर खडक, पोपटी पाणी, आणि मुख्य म्हणजे तिथं स्वच्छ समुद्रात आमचं पाणी करायचं मशीन चालवता येतं. घरातल्या आरओचा हा थोरला दादा, समुद्राचं पाणी जबरदस्त दाबानं जाळीतून दाबतो, मीठ मागं राहतं. बंदरात ते चालवायचं नाही, पाण्यात डिझेलचा तवंग असला की जाळी कायमची गेली. बेटावर दोन तास इंजिन घरघरवलं, चाळीस लिटर पाणी केलं, आणि पंप म्हणाला टर्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास एक मधमाशी आली. कॉकपिटमध्ये, म्हणजे बोटीवरच्या सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेत, दोन फेऱ्या मारल्या आणि गेली. मला कौतुक वाटलं, म्हटलं बघ, निसर्ग. पंधरा मिनिटांत तीसेक आल्या, अर्ध्या तासात मोजायचं सोडलं. या बेटांवर गोडं पाणी औषधालाही नसतं, माश्यांना नळाचा एक थेंब, ओलं फडकं, काहीही पुरतं, पहिली येते ती टेहळणीला, ती जाऊन गावजेवणाचं आमंत्रण देते. आम्ही खाली दारं-खिडक्या लावून उकडत बसलो, बाहेर नुसतं घोंघावणं. आणि बायको काचेतून बघत म्हणाली, "अरे, या सगळ्या मागं का बसल्यात?"

बोटीच्या मागच्या टोकाला एक छोटा शॉवर असतो, समुद्रातून पोहून वर आलं की पाय धुवायला. पाणी वाचवायचं म्हणून तो आम्ही आल्यापासून एकदाही वापरला नव्हता. त्याच्या झाकणावर माश्या इतक्या की झाकण दिसत नव्हतं, आणि शेजारच्या जाळीतून त्या रांगेनं आत जात होत्या, रांग मोडत नव्हत्या, लातूरच्या टँकरवर अशी शिस्त मी बघितली नाही. सूर्य मावळला तशा त्या सगळ्या घरी गेल्या. मी मागचं झाकण काढून आत उलटा लटकलो. पाइपाची क्लिप गंजून तुटलेली, थेंब थेंब पाणी, तिथून उताराला लागून सरळ बिल्जमध्ये. क्लिप डब्यात होती, पाच मिनिटांचं काम. त्या रात्री टर्र नाही.

सकाळी दहाला मधमाशी आली. एकच. सरळ मागं गेली, झाकणावर बसली, इकडून तिकडे चालून बघितलं, जाळीतून आत जाऊन आली. कोरडं. परत चालून बघितलं. मला काही ते बघवेना, शेवटी नळाला पाणी नसलेल्या घरात वाढलोय मी. बशीत थोडं पाणी घेतलं, डिंगीत नेऊन ठेवलं, दोरी सैल सोडून डिंगी लांब जाऊ दिली.

आतून आवाज आला, "वहीत लिही."

लिहिलं. मधमाश्या, पाव लिटर.