चालता ता मोडूक

गेल्या रविवारी सकाळी पिंगुळीच्या पुढे एका अंगणात मी स्कूटर लावत होतो, तेवढ्यात पाच-सहा वर्षांचं एक पोरगं मला बघून आत धावलं आणि ओरडलं, "आज्ये, भंगारवालो इलो!"

अंगात इस्त्रीचा शर्ट होता. पायात बूट होते. पण स्कूटरवर पायापाशी रिकामं पोतं, सुतळीचा गुंडा आणि पान्यांची पिशवीही होती, त्यामुळे पोराचं अगदीच चुकलं असं म्हणता येत नाही. म्हातारी मात्र हातात गंजलेला पत्र्याचा डबा घेऊनच बाहेर आली. "किलोक कितके देतंस?" मी म्हटलं, मी भंगारवाला नाही, मी फोन केला होता, जुना ॲम्प्लिफायर बघायला आलोय. तिने डबा खाली ठेवला तो माझ्या पायाशीच. निघेपर्यंत तो तिथेच होता.

आता मुद्द्याचं. मी गिटार वाजवतो. कशी वाजवतो ते शेजाऱ्यांना विचारू नका. व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांवर चालणारा ॲम्प्लिफायर हवा होता, आणि तो नवा घ्यायचा तर तेवढ्या पैशात आमच्याकडे माणूस विहिरीवर पंप बसवून घेतो. म्हणून ठरवलं की जुना घ्यायचा आणि आतून हवा तसा बदलायचा. पाया चांगला मिळाला की झालं. पाया शोधण्यातच चार महिने गेले. दुकानातला छोटा सरावाचा ॲम्प उघडला तर आत एकच पातळ हिरवी पट्टी, तिच्यावर तांदळाच्या कणीएवढे भाग, आणि आवाजाची बटणंसुद्धा त्याच पट्टीवर सोल्डर मारलेली. एक भाग बदलायला सगळी आतडी बाहेर काढा. म्हापशात एकाकडे अमेरिकेहून आलेला होता. तो 120 व्होल्टवर चालणारा, म्हणजे आपल्या 230 साठी आणखी एक ठोकळा कायमचा पाळायचा. मावशीकडचा व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिला. त्या जातीच्या काही रेडिओंत घरातली वीज थेट सांगाड्यावर येते, हे ठाऊक होतं म्हणून जपून उघडला. आत पालीची अंडी होती. मावशी म्हणाली, फुटली तर दोष लागतो. बंद केला.

राहिला आपल्या मंडपवाल्यांचा जुना खोका. कर्णे वाजवायचा तो. एकेकाळी गावोगाव भजनाला, सत्यनारायणाला, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला हाच जायचा. दणकट पत्रा, मागे स्पीकर जोडायला 4, 8, 16 ओहम आणि 100 व्होल्टचे स्क्रू, आत सगळं हाताने तारांनी जोडलेलं, बोट जाईल एवढी जागा. गिटारसाठी बदल करायला याच्याहून सोयीचं काही नाही.

तर हा खोका पडवीत काढून ठेवलेला. मालक काका गरीब माणूस. "बघा, चालतो अजून," एवढं बोलून ते चहाचं सांगायला आत गेले. मी मांडी घालून बसलो. आणि मग माझ्या लक्षात आलं की बाकड्यावर कोणीतरी आहे.

पांढरा गंजीफ्रॉक, गुडघ्यापर्यंत धोतर, तोंडात पान. त्यांचं त्या घराशी नातं काय हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे त्यांना आबा म्हणत होते.

"कोणाचो रे तू?"

मी वडिलांचं नाव, वाडी सांगितली.

"म्हणजे फणस तोडलो तेंचो!"

माझ्या चुलत आजोबांनी कधीकाळी कोणाच्या तरी बांधावरचा फणस तोडला, तो खटला आमच्या घरात विस्मरणात गेलाय. गावात नाही. मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर दुपार झाली असती.

मी कामाला लागलो. आधी खोका उचलून बघतात. वजन लागलं की समजायचं, ट्रान्सफॉर्मरमध्ये लोखंड-तांबं भरपूर आहे. मग व्हॉल्व्ह बघतात. काचेच्या टोकाला आतून चंदेरी आरसा असतो, तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह मेला. इथले चारही चंदेरी होते, छोट्या व्हॉल्व्हवर तर बीईएलचा, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, पुसट शिक्का. मग मी खाली वाकून ट्रान्सफॉर्मरला नाक लावलं. जळका वार्निश लपत नाही.

"वास कसलो घेतंस? बांगडो आसा तो?"

"जळलाय का बघतोय, आबा."

"मगे कल्लो उघडून बघ!"

पडवीच्या टोकाला तोपर्यंत आणखी तिघे उभे होते. रविवारी सकाळी आमच्याकडे दुसऱ्याचा व्यवहार बघणं हे सगळ्यात स्वस्त नाटक. तिकीट नाही, आणि मध्ये बोलायची मुभा.

"चालता मा तो?" आबा.

"चालतोय असं दिसतंय."

"मगे काय करतलंस?"

"आतलं बरंचसं काढून नवीन घालणार."

"चालता ता मोडूक घेतंस?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण मला समजावून सांगायची खोड आहे. म्हटलं, आबा, हा भजनासाठी बनवलाय, शब्द स्वच्छ ऐकू यावा म्हणून. गिटारला तसा नको. जोरात वाजवला की आवाज थोडा फाटला पाहिजे.

"फाटूक होयो?"

"हो."

आबांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "भजनाच्या डबलबारीक ह्येचोच आवाज फाटललो. आमी ह्या काकाचे दोनशे रुपये कापलेले. आणि तू पैसे देऊन फाडतलंस?"

तिघे हसले. आतून चहा घेऊन येणारे काकाही कसनुसे हसले. त्या दोनशे रुपयांचं त्यांना अजून लागलेलं दिसत होतं.

मीही पेटलो. म्हटलं, असं नाही आबा, याला इतिहास आहे. लंडनमध्ये मार्शल नावाचा एक ड्रमवाला होता, वाद्यांचं दुकान चालवायचा. 1962-63 च्या सुमारास त्याने आपल्या दोन-तीन माणसांना घेऊन अमेरिकेचा फेंडर बासमन नावाचा ॲम्प समोर ठेवला आणि त्याच्यावरून आपला बनवला. आज जगभर त्याचं नाव आहे.

"म्हणजे चोरलो."

"चोरला नाही, बदलला. भाग तिथे मिळतील ते घातले. पहिला व्हॉल्व्ह जास्त जोराचा, ट्रान्सफॉर्मर इंग्लंडचे, स्पीकर दहा इंचीच्या जागी बारा इंची, तेही मागून बंद पेटीत. त्याच आराखड्यातून वेगळाच आवाज निघाला."

"शेजारणीची पाककृती आणि आपलो मसालो," काका अचानक म्हणाले. इतकं अचूक मला चार महिन्यांत कोणी सांगितलं नव्हतं. आबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा बोलले नाहीत.

"बरा," आबा पुढे सरकले, आवाज खाली आणला, अगदी मायेने. "मगे ह्येतला तुका नक्की होया काय? माका सांग. मी काय कोणाक सांगणंय नाय."

आणि मी सांगितलं. चांगला शिकलेला, दोन पोरांचा बाप, मी सांगितलं की खरी किंमत ट्रान्सफॉर्मरची. बाकीचे रेझिस्टर, कपॅसिटर चिल्लर आहेत. 0.1 चा काढून 0.022 मायक्रोफॅरडचा घातला की घुमणारा खर्ज कमी होतो, जुने फुगलेले कपॅसिटर तर बदलायचेच असतात. पण असा मूळचा ट्रान्सफॉर्मर आता मिळत नाही.

आबा वळून घराकडे तोंड करून ओरडले, "आयकलंस? ट्रान्सफॉर्मर होयो तेका! मिळणा नाय खंय! तांब्याचो भाव म्हायत आसा मा तुका?"

फोनवर 2,500 ठरले होते. काका नजर चुकवत म्हणाले, "तसा बघायला गेलं तर..." मी तीन म्हटलं. आबा म्हणाले पाच. विकणारा गप्प, घेणारा गप्प, आणि ज्याचं काही जात नाही तो माणूस भाव बोलतोय, ही गोष्ट मला हसून सांगायला आवडली असती. अजून जमत नाही. शेवटी चार हजार. माझ्याच तोंडाने मी 1,500 रुपये वर चढवले, आणि कारण एवढंच की एका म्हाताऱ्याने मला प्रश्न विचारला आणि मला उत्तर येत होतं.

पैसे मोजून दिले. काकांनी ते खिशात घातले. मी खोका पोत्यात घालून सुतळी आवळत होतो, तेव्हा आबा उठून जवळ आले आणि पोत्यावर थाप मारून म्हणाले, "जप हां तेका. तो मीच भरललो."

"काय भरलात?"

"ट्रान्सफॉर्मर. आवटपूट का काय म्हणतंस तो. मी मोटारी भरी मा आदी. शिमग्याक जळललो ह्यो. तार सरली म्हणान दीडशे-दोनशे फेरे कमी मारलंय. पण चल्लो मा इतकी वर्सां!"

मी काकांकडे पाहिलं. काका त्या पत्र्याच्या डब्याकडे बघत होते.

सुतळी सोडून खोका परत देता आला असता, असं लोक मला तेव्हापासून सांगतायत. बघे आता सात झाले होते. त्यांच्यासमोर, फणस तोडणाऱ्यांच्या घरातल्या माणसाने दिलेला शब्द मागे घ्यायचा? ते पुढची पन्नास वर्षं चाललं असतं. मी स्कूटर सुरू केली.

रात्री घरी खोका उघडला. बंद यंत्राच्या कपॅसिटरमध्येही 400 व्होल्टच्या वर बसून राहू शकतात, म्हणून आधी रेझिस्टर लावून ते रिकामे केले, मीटरने पुन्हा तपासलं. मग ट्रान्सफॉर्मरच्या तारा सोडवून 8 ओहमच्या बाजूला 6 व्होल्ट दिले आणि पलीकडे मोजले. याच्यातल्या दोन मोठ्या, ईएल-34 जातीच्या व्हॉल्व्हना पलीकडून 3,400 ओहमच्या आसपास दिसायला हवेत, म्हणजे साधारण 124 व्होल्ट यायला हवेत. आले 114. म्हणजे 19 पट. ओहम या पटीच्या वर्गाने वाढतात, 19 चा वर्ग 361, गुणिले 8, झाले 2,888. व्हॉल्व्ह जरा जास्त तापतील, एवढंच. फेऱ्यांचा हिशोब केला तर आठ टक्के कमी. मूळ दोन-अडीच हजार फेरे धरले तर दीडशे-दोनशेच. वीसेक वर्षांपूर्वी पडवीत बसून मोजलेले फेरे म्हाताऱ्याला बरोबर लक्षात होते. फक्त पैसे मोजून होईपर्यंत ते त्याला आठवत नव्हते.

गुंडाळणी उघडून पाहिली. इतकी नेटकी भरली आहे की एक तार दुसरीवर चढलेली नाही, थराथरात कागद. याचाच जास्त राग आला. वाईट भरली असती तर मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या.

काल सकाळी साडेसहाला अनोळखी नंबरवरून फोन. पिंगुळीच्या पुढून.

"दोन पंखे आणि एक पंपाची मोटर आसा. कधी येतंस?"

मी म्हटलं, मी भंगार घेत नाही.

"आबांनी सांगल्यानी, घेता. जळललो आसलो तर जास्त देता."