मोठी बरणी, अरुंद तोंड

पासवर्ड बदलल्यापासून माझ्या संगणकावर ईमेल यायचं बंद झालं. भाच्याला फोन लावला. "सोपं आहे मामा. अकाउंट काढायचं आणि परत टाकायचं." दुसऱ्याच्या अक्कलदाढेबद्दलही लोक असंच बोलतात. मग त्याने सहज विचारलं, "पॉप आहे की आयमॅप?"

ईमेल संगणकावर आणायच्या या दोन पद्धती. सेटिंगमध्ये बघून मी "पॉप" म्हणालो आणि पलीकडे शांतता पसरली. एक्स-रे उजेडात धरून डॉक्टर गप्प होतात, तशी. आयमॅप असेल तर टपाल सर्व्हरवरच, म्हणजे ईमेल कंपनीच्या संगणकावरच, असतं, अकाउंट परत टाकलं की सगळं पुन्हा उतरतं. पॉपमध्ये मात्र 'सर्व्हरवर प्रत ठेवा'ची खूण काढलेली असेल, तर टपाल घरी आलं की तिकडचं पुसलं जातं. ती खूण मीच एकदा काढली होती, टापटीप म्हणून! म्हणजे २०१३ पासूनची माझी पत्रं फक्त या खोक्यात.

"आधी बॅकअप घे. थंडरबर्ड बंद कर आणि प्रोफाइलचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर टाक."

थंडरबर्ड हा माझा ईमेलचा प्रोग्राम आणि प्रोफाइल हे त्याचं कोठार. इनबॉक्समधली सगळी पत्रं एकाच फाइलमध्ये रचलेली असतात, हे तेव्हा कळलं. माझी ५ जीबीची निघाली. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, जवळजवळ रिकामा. तरी उत्तर आलं, फाइल फार मोठी आहे.

"पेनड्राइव्हची मांडणी फॅट३२ असणार," भाचा म्हणाला. "त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल जात नाही." बरणी ऐसपैस, पण तोंडातून नारळ जाईना. त्याचा उपाय, आतलं सगळं पुसून एक्सफॅट या दुसऱ्या मांडणीत फॉरमॅट.

"अहो, त्यात माझे मंगळागौरीचे फोटो आहेत!" स्वयंपाकघरातून आवाज आला. मी 'फॉरमॅट' हा शब्द पुटपुटलो होतो, तोही दार लावून.

मग बॅकअपसाठी बॅकअप. फोटो संगणकावर, पेनड्राइव्ह फॉरमॅट, टपाल पेनड्राइव्हवर. रात्रीचे साडेबारा. अकाउंट काढताना 'पत्रंही काढू?' या चौकोनाला मी माउसचा बाणसुद्धा लागू दिला नाही. परत टाकायला दोन मिनिटं लागली. नवं टपाल आलं: वीजबिल.

सकाळी हिने पेनड्राइव्ह लावला. फोटो नाहीत. फोल्डरच्या आत ती ५ जीबीची फाइल, तिला ना शेपूट ना चित्र. दोनदा टिचकी मारली तर विचारते, कशाने उघडू?

"बारा वर्षांची पत्रं ना ही? उघडतसुद्धा नाहीत?"

"थंडरबर्डमध्ये उघडतात."

"आणि माझे फोटो?"

"डेस्कटॉपवर."

"त्यांचा बॅकअप?"

मी भाच्याला फोन लावला. त्याने उचलला नाही.