बापूंचे सहकार्य उल्लेखनीय

आमच्या शाळेच्या शेरेबुकात मंगळवारी माझ्याबद्दल एक ओळ लिहिली गेली आणि बापूंबद्दल दोन. मी या शाळेत सात वर्षं शिकवतोय. बापू शाळेत मोबाइल चार्जिंगला येतात.

झालं असं, की विस्तार अधिकारी मॅडम आणि केंद्रप्रमुख साहेब आमचा डिजिटल वर्ग बघायला आले. आमची शाळा द्विशिक्षकी. दुसरे गुरुजी त्या दिवशी तालुक्याला ट्रेनिंगला गेले होते, विषय होता अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर. म्हणजे तिसरी, चौथी, पाचवी आणि तंत्रज्ञान, सगळं माझ्या एकट्याच्या गळ्यात. "आमच्यामुळे काही बदलू नका, नेहमीचा तास घ्या," मॅडम म्हणाल्या. नेहमीच्या तासाची तयारी मी आदल्या रात्री अकरापर्यंत केली होती.

पाठ होता पाचवीचा, 'पृथ्वीचे फिरणे'. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला, सरकारचं अभ्यासाचं दीक्षा ॲप उघडलं. आमच्या वर्गात रेंज फक्त खिडकीच्या तिसऱ्या गजाला येते, म्हणून फोन तिथं सुतळीनं बांधून हॉटस्पॉट चालू ठेवलेला. ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या पैशातून दिलेला पासष्ट इंची पॅनल उजळला आणि त्याच्या मधोमध ते पांढरं गोल कडं फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. तीस पोरं श्वास रोखून बघताहेत. एवढं लक्ष माझ्याकडे आजवर कुणी दिलेलं नाही.

मॅडमनी पहिल्या बाकावरच्या पोरीला विचारलं, "हे काय आहे, बाळा?"

"पृथ्वी."

"काय करतेय ती?"

"परिवलन."

"आणि सूर्य कुठाय?"

"अजून आला नाही. रेंज नाही."

मॅडमनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. तेवढ्यात कुणाचा तरी पाय वायरीत अडकला, पॅनल काळा पडला, वर कोपऱ्यात 'नो सिग्नल'. आणि दाराशी, सॉकेटजवळ उकिडवे बसलेले बापू उठले.

आता बापूंबद्दल सांगायलाच हवं. घरच्या बोर्डावर सुनेचा फोन, नातवाचा फोन आणि मिक्सर यांचा नंबर आधी लागतो, म्हणून बापू रोज अकराच्या सुमारास शाळेत येतात आणि चार्जिंग होईपर्यंत तास ऐकतात. पण त्यांचा खरा मान वेगळाच आहे. गावात व्हिडिओ आणायचे ते बापू. गणपतीत वर्गणी काढून तालुक्याहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा, पोत्यात गुंडाळून बैलगाडीत मांडीवर धरायचा आणि रात्रभरात तीन पिक्चर दाखवायचे. चित्रात पट्टे आले की बापू खिशातून नोट काढून व्हीसीआरचं हेड, म्हणजे टेपवरून चित्र उचलणारा भाग, पुसायचे. त्या क्षणी अख्खं गाव गप्प व्हायचं म्हणतात.

बापूंनी पॅनलला एक प्रदक्षिणा घातली.

"गुरुजी, हेड खराब झालंय."

"बापू, याला हेड नसतं."

"हेडबिगर चित्र कसं दिसंल?"

"हे इंटरनेटवर चालतं, बापू. बसा तुम्ही."

"मग त्येचं हेड तिकडं मुंबैत आसंल. कुठंतरी आसंलच की."

मी डी.एड., वर बी.ए., वर वेतनवाढ अडकू नये म्हणून केलेलं एमएस-सीआयटी. तरी या वाक्यात नेमकं चुकलंय काय, हे मला चटकन सांगता येईना. बापूंनी तोवर खिशातून दहाची नोट काढली होती. आता मॅडम त्यांना थांबवतील असं मला वाटलं. मॅडमनी चष्मा वर सरकवला.

"दहाचीच का हो?"

"पाचाची पातळ पडती. अन् नवी कोरी चालत न्हाई, कडक आसती, वरखाडा उठतो. धाची पायजेल, पण वापरल्याली. बाजारच्या दिवशी भाजीवालीकडनं घेतल्याली लई बेस."

केंद्रप्रमुख साहेब चक्क मान हलवत होते. परवा याच साहेबांनी माझा 'अध्यापनातील नवोपक्रम' हा अकरा पानी अहवाल फाइलचं लेसिंग नीट नाही म्हणून परत केला होता.

बापूंनी नोटेची सुरळी केली, पॅनलच्या मागं हात घातला, एचडीएमआयची वायर उपसली, भोकात फुंकर मारली, सुरळी फिरवली, नोट कपाळाला लावली आणि वायर परत खुपसून पॅनलच्या पाठीत एक धपाटा घातला.

सूर्य आला. पासष्ट इंची, लालबुंद. आणि त्याच्याभोवती फिरणारी पृथ्वी.

टाळ्या अशा पडल्या की खिचडीवाल्या मावशी डाव घेऊन धावत आल्या. वायर नुसती ढिली झाली होती, पुन्हा बसवली म्हणून चित्र आलं, हे मी सांगितलं. दोनदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही. उरलेला पाठ बापूंनी पॅनलशेजारी उभं राहून घेतला, "ह्यी बगा आपली पृथ्वी, हितंच कुठंतरी आपली वस्ती," असा.

जाता जाता बापू मॅडमसमोर मला म्हणाले, "त्या परितेवाडीच्या गुरुजींस्नी ह्या चौकटीच्या चित्रावरच सात कोटी मिळालं न्हवं?" पुस्तकांत क्यूआर कोड आणणाऱ्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाल्यापासून गावात कुणीही क्यूआर कोड पाहिला की माझ्याकडे बघतो. "त्येनी निम्मं वाटलं म्हणं. तुमास्नी मिळालं तर वाटू नगा. आधी शाळंचं लाइटबिल भरा."

हे मात्र झोंबलं, कारण खरं होतं. तिसाच्या वर आणि शंभरच्या आत पट असलेल्या आमच्यासारख्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान २५ हजार, तेही आलं तेव्हा. त्यातले दहा टक्के स्वच्छतेला बाजूला काढायचे. उरलेल्यात खडू, चटया, नळाची तोटी, किरकोळ दुरुस्ती आणि वीज. मागच्या उन्हाळ्यात थकबाकीपायी मीटर कापलं, तेव्हा हा पॅनल तीन महिने सतरंजीखाली झाकून होता आणि मी त्याच्या 'वापराचा' अहवाल दर शनिवारी भरत होतो. पॅनल देणारे भेटतात, फोटो काढणारे भेटतात. बिल भरणारा अजून भेटायचाय. शाळेच्या पोरांसाठी टीव्हीचे कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी होती, ती पुढे बंद पडली. मधे २००४ साली शिक्षणासाठी म्हणून एज्युसॅट उपग्रह आकाशात सोडला. दर वेळी यंत्र नवं येतं आणि सॉकेट तेच राहतं, ढिलं. रोज दोन लिंका भरायच्या, जिओटॅग फोटो चढवायचा, तो चढेपर्यंत फोन खिडकीच्या गजाला, आणि या सगळ्यातून वेळ उरला तर भागाकार शिकवायचा.

असो. शेरा असा आहे: 'शिक्षकांनी अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर वाढवावा. ग्रामस्थ बापू यांचे तांत्रिक सहकार्य उल्लेखनीय आहे. इतर शाळांनीही अशा ग्रामस्थांची मदत घ्यावी.' खाली सही, शिक्का.

बापूंनी त्या पानाचा फोटो काढून घेतलाय, शाळेत चार्ज केलेल्या मोबाइलवर. बुधवारी दोघं जण त्यांना शेजारच्या वाडीच्या शाळेवर न्यायला मोटारसायकल घेऊन आले होते.

आज सकाळी पॅनल पुन्हा काळा पडला. मी वायर काढली, घातली, स्विच बंद-चालू केला. काही नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, "गुरुजी, बापूंना बोलवू?"

"गरज नाही," मी म्हणालो. दार लोटून घेतलं आणि पाकीट उघडलं. दहाची नोट नव्हती. हल्ली सगळं फोनपेवर.