‘पांढरं फिलिंग टिकत नाही’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. मागच्या लेखात मी दाढांसाठीसुद्धा कॉम्पोझिटची, म्हणजे दाताच्या रंगाच्या पांढऱ्या फिलिंगची, बाजू घेतली होती. त्यावर तुम्ही लिहिलंत की तुमची जुनी चांदी, म्हणजे पारा मिसळलेलं चंदेरी फिलिंग, अजून शाबूत आहे, पण शेजारच्या दाढेतलं पांढरं फिलिंग दोन वर्षांत निघालं. डॉक्टर मंडळी दिसण्यापायी कच्चा माल गळ्यात मारतात, असंही तुमचं म्हणणं. यातला अर्धा भाग मला मान्य आहे.

चांदी थोडा ओलावा चालवून घेते. कालांतराने तिच्या कडेच्या फटीत गंजाचे क्षार साचतात आणि फट बुजत जाते. कॉम्पोझिटला ही सवलत नाही. मात्र साधी चांदी दाताला चिकटत नाही. ती अडकून राहावी म्हणून निरोगी दातही कोरावा लागतो, आणि पुढे कधीतरी अशा दाढेचा उंचवटा तडकून तुटतो.

कॉम्पोझिटचं सगळं आयुष्य चिकटण्यावर अवलंबून असतं. ॲसिडने इनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) खरखरीत करण्याची युक्ती दंतवैद्य बुओनोकोर यांनी 1955 मध्ये मांडली. आज साधारण 37 टक्के फॉस्फोरिक ॲसिड काही सेकंद लावतात. मग धुऊन वाळवलं की इनॅमल खडूसारखं पांढरं, निस्तेज दिसतं. त्या पृष्ठभागाला लाळ लागली, तर तो पुन्हा तयार करायलाच हवा. घाईत ते राहिलं तर फिलिंग त्या दिवशी सुरेख दिसतं आणि कडेने झिरपायला लागतं. तुमची दाढ मी पाहिलेली नाही, पण दोन वर्षांत फिलिंग सबंध निघालं म्हणजे माझा पहिला संशय ओलाव्यावर आहे, मालावर नाही.

सगळ्यात अवघड जागा दोन दाढांमधली, हिरडीलगतची कड. तिथे इनॅमल पातळ असतं किंवा नसतंच, हिरडीतून रक्त येतं आणि कॉम्पोझिट कडक करणाऱ्या दिव्याचं टोक काही मिलिमीटर दूर राहतं. वरचा थर टणक लागतो, खालचा अर्धवट कडक राहतो, आणि वरून ते कळत नाही. शिवाय कडक होताना कॉम्पोझिट घनफळात साधारण 2 ते 3 टक्के आकसतं. म्हणून नेहमीचं कॉम्पोझिट 2 मिलिमीटरच्या थरांनीच भरायचं आणि तळाच्या थराला दिवा जास्त वेळ द्यायचा. याला वेळ लागतोच. दाताभोवती ताणून बसवायचा, लाळ दूर ठेवणारा रबरी पडदा, म्हणजे रबर डॅम, 1864 पासून उपलब्ध आहे, तरी अनेक ठिकाणी तो कपाटातच पडून असतो, याची मला मनापासून चीड येते.

दिसण्याबद्दल म्हणाल, तर प्रश्न तेवढाच नाही. चांदीत वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारातही तिचा वापर कमी करण्याची तरतूद आहे आणि युरोपीय संघाने 2025 पासून काही वैद्यकीय अपवाद सोडून ती बंद केली आहे.

आता तुमच्या दाढेचं. खालची कड हिरडीखाली गेली असेल आणि कोरडी ठेवताच येत नसेल, तर तिथे कॉम्पोझिटचा हट्ट नको. निदान तळाला ग्लास आयोनोमर हा दुसरा फिलिंगचा माल घ्यावा, तो दाताशी रासायनिक बंध धरतो आणि ओलावा जास्त सोसतो. दाढेच्या भिंती फारच पातळ उरल्या असतील तर उंचवटे झाकणारं ऑनले किंवा कॅप हवी. आणि दाढ पुन्हा भरण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा, की रबर डॅम लावणार का, आणि नसेल तर दाढ कोरडी कशी ठेवणार.